कोविडची लस: वयानुसार नक्की कोणी, किती आणि कधी?

दुपारची_झोप
नमस्कार मंडळी. कोविड लशीवरचे इथले जुने धागे चाळले, पण सगळे २०२१-२२ मध्ये येऊन थांबलेत म्हणून नवीन काढतेय. आधी कुठे चर्चा झाली असेल तर ॲडमिननी हा खुशाल उडवावा.

घरात सासरे ८२, सासूबाई ७९ (डायबेटिस, बीपी), नवरा आणि मी चाळिशीत, तब्येती बऱ्या. मुलगी १६, धाकटा दीड वर्षाचा. सासू-सासऱ्यांचे कोव्हिशिल्डचे तीन झालेत, तिसरा २०२२ मध्ये. आमचेही तीन. मुलीला २०२२ मध्ये कोर्बेव्हॅक्सचे दोन मिळाले. धाकट्याला काहीच नाही. सासऱ्यांचं म्हणणं, "तीन झाले, कोटा संपला." नणंद परदेशात असते, तिच्या सासूबाईंना मात्र दर काही महिन्यांनी लशीची आठवण करणारा मेसेज येतो, त्यावरून घरात रोज वाद. मला एवढंच कळायला हवंय की वयाप्रमाणे आज कोण पूर्ण आणि कोण अपुरं? कुठे सरळ तक्ता आहे का?

शेवटचा_बाक
सासऱ्यांना माझ्याकडून साष्टांग नमस्कार. आमच्या बाबांचं पण सेम. वर सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय, त्यामुळे व्हायरसला दाखवता येतं.

कडुलिंब
सरळ तक्ता मिळणार नाही. मिळाला तरी पुढच्या वर्षी जुना होईल. २०२१ मध्ये प्रश्न होता 'किती झाले', कारण तेव्हा बहुतेकांच्या शरीराने हा विषाणू पाहिलाच नव्हता. आता जवळपास सगळ्यांनी एकतर लस पाहिलीय नाहीतर आजार, बऱ्याच जणांनी दोन्ही. त्यामुळे आता डॉक्टर विचारतात ते असं: वय काय, सोबतचे आजार कोणते, आणि शेवटचा डोस होऊन किती काळ गेला. मोजणी मागे पडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लसतज्ज्ञांच्या गटाने मार्च २०२३ मध्ये लोकांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटात वयस्कर माणसं, डायबेटिस-हृदयविकार यांसारख्या मोठ्या सहव्याधी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले (सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कोणीही), गरोदर बायका आणि प्रत्यक्ष रुग्णांत काम करणारे आरोग्य कर्मचारी. यांना शेवटच्या डोसनंतर वयानुसार आणि आजारानुसार ६ किंवा १२ महिन्यांनी पुन्हा डोस. दुसऱ्या गटात ५०-६० च्या आतले धडधाकट प्रौढ आणि सहव्याधी असलेली मुलं: मूळ डोस आणि एक बूस्टर, त्यापुढे नेमाने घ्यायची शिफारस नाही. तिसऱ्यात ६ महिने ते १७ वर्षांची निरोगी मुलं, त्यांच्याबाबत प्रत्येक देशाने आपापली परिस्थिती बघून ठरवावं.

म्हणजे तुमच्या घरात वादाचा विषय खरं तर दोघांपुरताच आहे. चाळिशीतल्या तुम्हा दोघांचं आणि मुलीचं काही अडलेलं नाही.

रातकिडा
+१ कडुलिंब. आपल्याकडे घोळ का झालाय ते बघा जरा, क्रम आठवा. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात, १ मार्चला साठीच्या पुढचे आणि ४५ च्या पुढचे सहव्याधीवाले, १ एप्रिलला ४५ च्या पुढचे सगळे, १ मेला १८ च्या पुढचे. मुलांचं ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ कोव्हॅक्सिन, १६ मार्चला १२ ते १४ कोर्बेव्हॅक्स. प्रिकॉशन डोस (म्हणजे तिसरा, बूस्टर) १० जानेवारी २०२२ पासून, तोही आधी फक्त कर्मचारी आणि ६० वरचे सहव्याधीवाले, मग मार्चमध्ये सहव्याधीची अट गेली आणि १० एप्रिलला १८ वरच्यांना खाजगीत.

त्यात दोन डोसमधलं अंतर किती वेळा बदललं! कोव्हिशिल्डचं आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मग मे २०२१ मध्ये १२ ते १६. प्रिकॉशनचं आधी ९ महिने, मग जुलै २०२२ मध्ये ६. लोकांनी शेवटी ऐकणंच सोडलं आणि त्यांना दोष देता येत नाही. प्रिकॉशन डोसनंतर मात्र 'दरवर्षी घ्या' असा सरकारी कार्यक्रम आपल्याकडे आलाच नाही. म्हणून सासऱ्यांचं 'कोटा संपला' हे सरकारी हिशोबाने अगदी खोटं नाही हो.

अवांतर: कोविनवर ओटीपीची वाट बघत रात्र जागवलेली माणसं हात वर करा.

शेवटचा_बाक
दोन्ही हात वर. ओटीपी यायचा तेव्हा स्लॉट गेलेला असायचा, आणि स्लॉट असायचा तेव्हा नेट गेलेलं.

उंटावरचा_शहाणा
मी स्पष्ट बोलतो, राग नसावा. तीन डोस घेऊनही मला कोविड झालाच, ऑफिसमध्ये निम्म्या लोकांना झाला. मग हे सहा महिने-बारा महिने कशासाठी? जी लस आजार थांबवत नाही ती लस कसली? गोवर-पोलिओच्या लशीला दर वर्षी बोलावतात का कोणी?

कडुलिंब
प्रश्न रास्त आहे, चिडण्यासारखं काही नाही त्यात. लस घेतल्यावर रक्तात अँटिबॉडी भरपूर फिरत असतात, त्या दारावरच्या पहारेकऱ्यांसारख्या. तेवढे महिने संसर्गालाच बऱ्यापैकी अटकाव होतो. काही महिन्यांत त्यांची संख्या उतरते. पण टी-पेशी आणि स्मृतिपेशी बराच काळ टिकतात. त्या संसर्ग रोखत नाहीत, तो फुफ्फुसात खोलवर जाऊन माणूस ऑक्सिजनवर जाऊ नये याची काळजी घेतात. तुम्हाला कोविड झाला आणि तुम्ही घरीच बरे झालात, बरोबर?

गोवराचं म्हणाल तर त्यात दोन फरक. गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही. आणि तो शरीरभर पसरायला दहाएक दिवस घेतो, तोवर स्मृतिपेशींना जागं व्हायला वेळ मिळतो. कोविडची लक्षणं दोन-चार दिवसांत येतात आणि विषाणू रूप पण बदलतो. फ्लूशी तुलना करा, गोवराशी नको.

उंटावरचा_शहाणा
घरीच बरा झालो, हे खरं. पण ते लशीमुळे की ओमायक्रॉन सौम्य होता म्हणून, हे कोण ठरवणार?

कडुलिंब
एकट्या माणसाकडे बघून कोणीच ठरवू शकत नाही. तुमच्या बाबतीत मीही छातीठोक सांगणार नाही. त्यासाठीच हजारो लोकांचे गट करून तुलना करतात.

पहारेकरी_नं_२
आयडी आजच बदलून घेतलाय. (हलके घ्या)

देशांतर_पक्षी
नणंदेच्या सासूबाईंचा मेसेज कुठून येतो त्यावर सगळं अवलंबून आहे, कारण प्रत्येक देशाचं वय वेगळं. ब्रिटनमध्ये २०२५ च्या शरद ऋतूत ७५ आणि वरचे, वृद्धाश्रमात राहणारे ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले (६ महिन्यांच्या पुढे) एवढ्यांनाच. त्याआधीच्या वर्षी २०२४ च्या शरदात हीच मर्यादा ६५ होती, शिवाय इतर आजार असलेले पण होते, म्हणजे एका वर्षात यादी केवढी आखडली बघा. जर्मनीत साठीच्या पुढच्यांना वर्षातून एकदा. ऑस्ट्रेलियात ७५ च्या पुढे दर ६ महिन्यांनी आणि ६५ ते ७४ ला १२ महिन्यांनी, सासूबाई तिथल्या असाव्यात असा माझा अंदाज.

अमेरिकेची गंमत (गंमत कसली) वेगळीच. २०२४-२५ मध्ये ६५ च्या पुढच्यांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन, आणि ६ महिन्यांच्या वरच्या बाकी सगळ्यांना सरसकट शिफारस. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) नव्या लशींची मंजुरी ६५ आणि वरचे, आणि त्याखाली किमान एक धोक्याचा आजार असलेले, एवढीच ठेवली. ऑक्टोबरमध्ये सीडीसीने (तिथली साथरोगांची सरकारी संस्था) सरसकट शिफारस काढून प्रत्येकाने डॉक्टर-फार्मासिस्टशी बोलून ठरवावं असं केलं. तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना द्यावीच असं सांगितलंय. म्हणजे एकाच देशात दोन मोठ्या संस्था दोन गोष्टी सांगतायत, आईबापांनी करायचं काय!

शांतारामची_काठी
पण हे ६५ चं ७५ का केलं? माझं वय ६८. मी आता अचानक तरुण झालो का?

कडुलिंब
अभिनंदन काका :) आजार बदललेला नाही, हिशोब बदललाय. ब्रिटनची समिती बघते की एक माणूस ॲडमिट होण्यापासून वाचवायला किती जणांना टोचावं लागतं आणि त्याचा खर्च परवडतो का. बहुतेकांना लस आणि संसर्ग दोन्हींमुळे मिळून संरक्षण आलंय, त्यामुळे ६५-७५ मध्ये तो आकडा फार मोठा झाला. ७५ च्या पुढे धोका अजून झपाट्याने चढतो, वयाबरोबर प्रतिकारशक्तीच म्हातारी होते, लशीला प्रतिसाद कमी आणि तो उतरतोही लवकर. तेव्हा ७५ ही सरकारी तिजोरी कुठवर पुरवायची त्याची रेघ आहे. ६८ व्या वर्षी सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) असलेला माणूस त्या रेघेच्या अलीकडे आहे म्हणून सुरक्षित, असा अर्थ काढू नका.

शांतारामची_काठी
सीओपीडी नाही, फक्त गुडघे. धन्यवाद.

मधलीसुट्टी
वयावर सगळे बोलताय म्हणून लिहितेय. माझ्या बहिणीचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, वय ३४. किडनी टिकावी म्हणून तिच्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, त्यामुळे तिच्यासारख्यांच्या शरीरात लस घेऊनही अँटिबॉडी कमी तयार होतात किंवा होतच नाहीत. अशा लोकांना सुरुवातीलाच एक जास्तीचा डोस देतात आणि पुढेही अंतर कमी ठेवतात, मग वय ३४ असो की १४. केमो चालू असलेले, बोन मॅरो झालेले, स्टिरॉइडचा मोठा डोस रोज घेणारे, सगळे यात आले. औषधं कधी कमी-जास्त होणार आहेत त्यावर लशीची वेळ ठरते, म्हणून तिचे नेफ्रॉलॉजिस्टच तारीख ठरवतात, आम्ही नाही.

दुसरं, तिच्यासारख्यांना स्वतःच्या लशीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून घरातल्या आम्ही सगळ्यांनी घ्यायचं ठरवलंय. ती 'दुसऱ्या गटाला नेमाने गरज नाही'वाली शिफारस आमच्या घराला लागू करायला मी तयार नाही.

दुपारची_झोप
@मधलीसुट्टी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांना संधिवाताचं मेथोट्रेक्सेट चालू आहे. ते पण यात येतं का?

मधलीसुट्टी
हो, मेथोट्रेक्सेटने पण लशीचा प्रतिसाद कमी होऊ शकतो. काही जणांना लशीनंतर आठवडा-दोन आठवडे ते थांबवायला सांगतात, पण ते संधिवाताच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, आपण घरी गोळी बंद करायची नाही. हे नक्की विचारा.

किरकिऱ्या
सगळे डोस डोस करताय, साइड इफेक्टबद्दल चकार शब्द नाही. मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज), रक्ताच्या गुठळ्या, आणि जिममध्ये पटापट मरणारी तरुण पोरं. यावर बोला की.

रातकिडा
तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्यात, त्या आधी बाहेर काढू.

मायोकार्डायटिस खरं आहे. फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लशींनंतर, बहुतेक करून १२ ते २९ वयाच्या मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याच्या आत. दुर्मिळ. दोन डोसमधलं अंतर आठ आठवड्यांपर्यंत वाढवलं की धोका कमी होतो म्हणून अनेक देशांनी तसं केलं. तरुण मुलांना सरसकट बूस्टर नको असं बरेच देश म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे: फायदा छोटा असेल तर छोटा धोकाही मोजावा लागतो.

गुठळ्याही खऱ्या आहेत. ॲस्ट्राझेनेका म्हणजे आपली कोव्हिशिल्ड, गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, लशीनंतरच्या साधारण पहिल्या महिना-दीड महिन्यात. तरुणांत जास्त दिसलं म्हणून ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये ३० च्या आतल्यांना आणि मेमध्ये ४० च्या आतल्यांना दुसरी लस सुचवली. म्हणजे वयाचा नियम इथे उलटा लागला! पण २०२२ मध्ये घेतलेल्या डोसची भीती आज बाळगायची गरज नाही, तो काळ केव्हाच सरलाय.

तिसरं, जिमवाली पोरं. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तर कमी दिसला. वाढलेला कोणात दिसला? कोविडमुळे ॲडमिट झालेले, घराण्यात असे मृत्यू झालेले, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा जड व्यायाम झालेले.

किरकिऱ्या
आयसीएमआर सरकारीच ना. असो. पहिले दोन मान्य केलेत तेवढं पुष्कळ, नाहीतर इथे प्रश्न विचारला की लगेच अडाणी ठरवतात.

उंटावरचा_शहाणा
किरकिऱ्याशी सहमत. २०२१ मध्ये गुठळ्यांबद्दल विचारलं तर याच साइटवर मला फाडून खाल्लं होतं. तेव्हाच असं शांतपणे सांगितलं असतं तर लोकांचा विश्वास एवढा उडाला नसता.

शेवटचा_बाक
सर्टिफिकेटवरच्या फोटोवर बोलायचं राहिलंय अजून...

ॲडमिन_टीम
आणि राहू दे. राजकारणाचे प्रतिसाद उडवले जातील.

बाळाची_आई_२०२५
धाकट्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेच लस नाही, त्याला मिळतात त्या आईच्या अँटिबॉडी, म्हणून अनेक देशांत गरोदरपणात घ्यायला सांगतात. ६ महिन्यांच्या पुढे एमआरएनए लशी आहेत, पण तिकडच्या देशांत. डोस पण वयावर: फायझरचा ५ वर्षांखाली ३ मायक्रोग्रॅम, ५ ते ११ ला १०, १२ च्या पुढे ३०. म्हणजे छोट्याला मोठ्यांच्या दहावा हिस्सा. आणि हे वजनावर नसतं, माझा भाचा अकराव्या वर्षी माझ्यापेक्षा जाड आहे तरी त्याला १०च :P

भारतात दीड वर्षाच्या मुलासाठी कार्यक्रमात कोविडची लस नव्हती, आजही नाही. त्यामुळे बाळ निरोगी असेल तर त्याचं काही चुकलेलं नाही. नेहमीच्या लशी (गोवर वगैरे) वेळेवर आहेत ना ते बघा, कोविडच्या गडबडीत खूप जणांच्या त्याच मागे पडल्या होत्या.

दुपारची_झोप
नेहमीच्या सगळ्या वेळेवर झाल्यात. म्हणजे राहिले सासू-सासरे. आता प्रॅक्टिकल प्रश्न. २०२२ नंतर एवढी वर्षं गेली, मग परत पहिल्यापासून सुरू करायचं का? आणि कोव्हिशिल्डच शोधायची का?

रातकिडा
पहिल्यापासून अजिबात नाही. उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत, पुढचा एकच घ्यायचा असतो. कोव्हिशिल्ड शोधू नका, सीरमने डिसेंबर २०२१ पासूनच बनवणं थांबवलं होतं. वेगळी लस बूस्टर म्हणून चालते, कोर्बेव्हॅक्सला तशी परवानगी ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली आणि नाकातली इन्कोव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. पण यातली कोणती सध्या मिळते ते डॉक्टरांना किंवा मोठ्या रुग्णालयाला फोन करूनच कळेल, इथे कोणी 'मिळते' म्हणालं म्हणून उन्हातान्हात ज्येष्ठांना घेऊन निघू नका.

देशांतर_पक्षी
अजून एक. बाहेरच्या देशांत लशीतला विषाणूचा प्रकार दर वर्षी बदलतो. २०२२ मध्ये मूळ अधिक ओमायक्रॉन अशी जोडलस, २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५, २०२४ मध्ये जेएन.१ किंवा केपी.२, अमेरिकेत २०२५ मध्ये एलपी.८.१. सासू-सासरे कधी मुलीकडे जाणार असतील तर तिथे पोचल्यावर तिथली ताजी घेणं जास्त फायद्याचं. फक्त व्हिजिटरला देतात का, इन्शुरन्स चालतो का, हे तिने आधीच विचारून ठेवावं.

दुपारची_झोप
उन्हाळ्यात जाणारच आहेत! नणंदेला आत्ताच मेसेज टाकला. ती ऑस्ट्रेलियातच आहे, पक्ष्याचा अंदाज बरोबर.

कडुलिंब
मग जाण्याआधी दोघांनी डॉक्टरांना भेटून यावं. सासूबाईंचा डायबेटिस आणि सासऱ्यांचं मेथोट्रेक्सेट दोन्ही सांगा, कारण माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात आधी नंबर सासऱ्यांचाच लागतो. मधल्या काळात कोविड झालाच तर बरं झाल्यावर तीनेक महिने थांबून घेतलं तरी चालतं. फ्लूची पण राहिली असेल, ती त्याच दिवशी दुसऱ्या हातावर घेता येते.

शांतारामची_काठी
दोन्ही हात दुखले तर काठी कशाने धरायची?

शेवटचा_बाक
काका, तुमच्या गुडघ्यांसाठी वेगळा धागा काढा.

दुपारची_झोप
सासऱ्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मेथोट्रेक्सेटपर्यंत गप्प होते, मग म्हणाले डॉक्टरांची वेळ घे. सासूबाई म्हणतायत आधी त्यांना घेऊ दे, मग मी बघते. दोघांची एकाच दिवशीची अपॉइंटमेंट घेतलीय, त्यांना अजून सांगितलं नाही.